वसईच्या खाडीचा दक्षिण तीर : एका सीमाप्रदेशाची भूरचना व लोकवस्ती

उत्तर कोकणच्या इतिहासात वसईच्या खाडीचा निर्देश बहुधा वसईच्या किल्ल्याच्या अनुषंगाने येतो. राजधानी, वेढा आणि तह हे सारे ठळक प्रसंग खाडीच्या उत्तर तीरावर घडले. साहजिकच अभ्यासकांची दृष्टी त्या तीरावर खिळून राहिली. दक्षिण तीरावरील गावे मात्र या वृत्तांतात वाटेवरील मुक्कामाइतकीच जागा मिळवितात. घोडबंदर, काशी, मिरे, भाईंदर, नवघर, राई, मुर्धे, डोंगरी, उत्तन आदी ही गावे आज मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत आहेत. इ. स. १५३४ पासून आजपर्यंत हा चिंचोळा प्रदेश कोणत्या ना कोणत्या हद्दीच्या कडेला राहिला आहे. ही हद्द कधी दोन राज्यांमधील होती, कधी दोन जिल्ह्यांमधील, तर कधी दोन नगरपालिकांमधील. या हद्दींनी येथील लोकवस्तीवर काय परिणाम केला, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

१. भूरचना

उल्हास नदी ठाण्याजवळ आली म्हणजे तिचे पाणी दोन वाटांनी समुद्राकडे जाते. एक वाट दक्षिणेस ठाण्याच्या खाडीतून मुंबई बंदराकडे उतरते. दुसरी पश्चिमेस वळून वसईजवळ अरबी समुद्रास मिळते. या दोन जलमार्गांनी आणि समुद्राने वेढलेले बेट ते साष्टी. तिच्या उत्तर टोकाची पट्टी हा आपला प्रदेश असून महानगरपालिकेचे क्षेत्र सुमारे ७९ चौरस किलोमीटर आहे.

या लहानशा क्षेत्रात भूमीचे तीन भिन्न प्रकार आढळतात. पूर्वेस कान्हेरीच्या डोंगररांगेची उत्तरेकडील सोंड खाडीच्या पाण्यापर्यंत येऊन ठेपते. चेणे, वर्सोवे व घोडबंदर ही गावे या सोंडेच्या पायथ्याशी आहेत. समोरच्या तीरावर तुंगारेश्वराचे डोंगर असल्याने येथे खाडी दोन डोंगरांच्या मधून वाहते आणि टेहळणीला ही जागा उत्तम ठरते. पश्चिमेस समुद्रालगत डोंगरी-उत्तनचा खडकाळ उंचवटा आहे. जुन्या कागदपत्रांतील धारावी ती हीच. मुंबईच्या माहीमजवळील धारावीशी तिचा संबंध नाही. या दोन उंचवट्यांच्या मधोमध भरतीच्या पातळीलगतची सखल खाजणजमीन पसरली आहे. भाईंदर, मिरे, नवघर, राई व मुर्धे या गावांची मूळ वस्ती या खाजणातील किंचित उंच जागांवर वसली, आणि सभोवार भातशेती, मिठागरे व तिवरांचे रान राहिले.

भूरचनेचा हा तपशील केवळ वर्णनासाठी दिलेला नाही. पूर्वेकडील उंचवट्यावरून खाडीतील वाहतूक अडविता येत असे, पश्चिमेकडील उंचवट्यावरून खाडीचे मुख राखता येत असे, आणि मधल्या खाजणातून सैन्य नेणे दुष्कर होते. सबब या प्रदेशाचा लष्करी इतिहास दोन टोकांना घडला आणि आर्थिक इतिहास मधल्या सखल भागात घडला. हा भेद पुढील विवेचनात सतत उपयोगी पडेल.

२. शिलाहार काळापासून पोर्तुगीज अमलापर्यंत

साष्टी हे नाव षट्षष्टी, म्हणजे सहासष्ट गावांचा समूह, यावरून आले. शिलाहार राजा छित्तराज याच्या इ. स. १०२६ च्या भांडुप ताम्रपटात श्रीस्थानकाच्या अंतर्गत असलेल्या षट्षष्टी विषयाचा उल्लेख आहे. याचा अर्थ असा की, ज्या काळी ठाणे ही राजधानी होती त्या काळी साष्टी हा राजधानीचा निकटचा मुलूख होता. तो सीमाप्रदेश नव्हता. सीमेचे प्राक्तन त्याच्या वाट्यास पुढे आले.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्याशी तह करून वसई व तिच्याखालील मुलूख पोर्तुगिजांना दिला. साष्टी आणि मुंबईची बेटे त्यातच होती. पोर्तुगिजांनी गोव्याच्या उत्तरेकडील आपल्या ठाण्यांचा मिळून उत्तर प्रांत बनविला आणि वसई हे त्याचे मुख्य नगर केले. हा प्रांत किनाऱ्यालगतची एक अरुंद पट्टी होता. त्याच्या पाठीशी प्रथम सुलतानी, नंतर मोगली आणि अखेरीस मराठी सत्ता उभी होती. साहजिकच प्रांताचा बहुतेक भाग सीमेपासून फार दूर नव्हता.

पोर्तुगिजांनी गावे फोरो नावाच्या वार्षिक खंडावर आपल्या लोकांना तोडून दिली. मुंबईच्या भाषेत रुळलेला फोरास हा शब्द त्याच पद्धतीची खूण आहे. गावाचा धनी फिरंगी झाला. कसणारा, मासे मारणारा आणि मीठ पिकविणारा होता तोच राहिला. फ्रान्सिस्कन व जेझुइट धर्मोपदेशकांनी साष्टी-वसईत मोठ्या प्रमाणावर धर्मांतर घडविले. उत्तन, डोंगरी, पाली, चौक या भागातील कोळी व शेतकरी ख्रिस्ती झाले. घोडबंदर येथे गढी, चर्च आणि धन्याचा वाडा उभा राहिला. १६७० च्या दशकात या भागातून गेलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने तेथील इमारतींच्या भव्यतेची नोंद केली आहे. त्याच्या लेखनात घोडबंदराचे नाव ‘ग्रेबोंडेल’ असे अपभ्रष्ट झालेले दिसते.

१६६१ च्या विवाहकरारान्वये मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि १६६५ मध्ये तिचा प्रत्यक्ष ताबा इंग्रजांना मिळाला. तेव्हापासून साष्टीच्या दक्षिणेस माहीमची खाडी ही दोन युरोपीय सत्तांमधील हद्द झाली. उत्तरेकडील वसईची खाडी मात्र या काळात हद्द नव्हती. दोन्ही तीरांवर एकच राज्य होते, आणि खाडी हा राजधानीस साष्टीशी जोडणारा राजमार्ग होता. पुढे जे पाणी सीमा ठरले, ते दोनशे वर्षे दुवा होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

३. मराठी अंमल व खाडीची सीमा

१७३७ मध्ये पेशव्यांच्या सैन्याने साष्टीवर चाल केली आणि मार्च महिन्यात ठाण्याचा कोट हस्तगत झाला. या मोहिमेच्या पूर्वतयारीत अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक माणसांचा मोठा वाटा होता. साष्टीच्या बखरीत त्याची हकीकत येते. खाडीपलीकडच्या वाटा, भरती-ओहोटीच्या वेळा आणि शत्रूची ठाणी यांची माहिती सीमेवर राहणाऱ्यालाच असते. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत धारावीचे महत्त्व असेच भौगोलिक होते. खाडीच्या मुखावरील तो उंचवटा ज्याच्या हाती, त्याला समुद्रावाटे वसईकडे जाणारी रसद रोखता येत असे. मराठ्यांनी धारावी घेतल्यावर वसईची कोंडी पक्की झाली, आणि मे १७३९ मध्ये वसईच्या फिरंग्यांनी शरणागती पत्करली.

तहान्वये पोर्तुगीज शिबंदीला सन्मानाने बाहेर पडण्याची मुभा मिळाली. फिरंगी जमीनदार व अधिकारी गेले. परंतु ख्रिस्ती झालेला कोळी उत्तनहून उठून गोव्यास गेला नाही. त्याची होडी, त्याचे जाळे आणि त्याचा समुद्र तेथेच होता. वसईस सरसुभ्याचा कारभार शंकराजी केशव यांच्याकडे आला; दक्षिण तीरावरील गावांचा वसूल फिरंगी धन्याऐवजी सरकारात जाऊ लागला. सत्तांतराचा आघात वरच्या थरावर झाला आणि खालचा थर जागचा हलला नाही.

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे व साष्टी घेतली. पुरंदरच्या तहात (१७७६) हा ताबा चर्चेचा विषय झाला. डिसेंबर १७८० मध्ये जनरल गोडार्ड याने वसईही घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली आणि साष्टी इंग्रजांकडे राहिली. वसईची खाडी खऱ्या अर्थाने आंतरराज्य सीमा झाली ती येथून. उत्तरेस पेशव्यांचे राज्य आणि दक्षिणेस कंपनीचे, अशी स्थिती १७८२ पासून १८१७ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे टिकली. घोडबंदर, भाईंदर व उत्तन ही त्या काळातील कंपनीच्या मुलखाची उत्तरेकडील शेवटची गावे होत.

या सीमेचे राजकीय मर्म १८०२ मध्ये प्रकट झाले. ऑक्टोबरात पुण्याजवळ होळकरांकडून पराभव झाल्यावर दुसरा बाजीराव कोकणात उतरला आणि अखेरीस वसईस आला. वसई हे स्वतःच्या राज्यातील ठाणे होते, आणि इंग्रजांचा मुलूख केवळ खाडीपलीकडे होता. ३१ डिसेंबर १८०२ रोजी तेथे झालेल्या तहाने मराठी राज्याचे स्वातंत्र्य संपुष्टात आणले. पेशव्याने तहासाठी निवडलेली जागा आणि ही सीमा यांचा संबंध योगायोगाचा म्हणता येणार नाही. जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने उत्तर कोकण इंग्रजांकडे गेले आणि खाडी पुन्हा एकाच राज्यात आली.

४. एक तुलना

सीमा सरकली म्हणजे माणसेही सरकतात, असा समज विसाव्या शतकातील युरोपच्या अनुभवाने दृढ झाला आहे. बल्गेरियाच्या ईशान्य कोपऱ्यातील दोब्रुजाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. डॅन्यूब नदी आणि काळा समुद्र यांच्यामधील या सुपीक पठाराचा दक्षिण भाग १९१३ मध्ये बल्गेरियाकडून रुमानियाकडे गेला. सप्टेंबर १९४० च्या क्रायोवाच्या तहाने तो बल्गेरियास परत मिळाला, आणि त्याच तहान्वये लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल झाली. एक लाखाहून अधिक रुमानियन उत्तरेस गेले व साठ हजारांहून अधिक बल्गेरियन दक्षिणेस आले. राज्य बदलले तेव्हा गावातील माणूसही बदलावा, ही त्या व्यवहारामागील धारणा होती. आज या भागातील डोब्रिच प्रांताचे क्षेत्र सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर असून २०११ च्या गणनेत तेथे सुमारे १ लाख ९० हजार लोक होते. २०२१ मध्ये ही संख्या दीड लाखाच्या आसपास उतरली.

वसईच्या खाडीवर याच्या उलट घडले. १७३९, १७७४, १७८२ व १८१७ अशी चार सत्तांतरे आठ दशकांच्या आत झाली, तरी गावांची अदलाबदल झाली नाही. याचे कारण शासनाच्या औदार्यात शोधण्यापेक्षा राज्यसंस्थेच्या स्वरूपात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. अठराव्या शतकातील राज्यास वसूल हवा होता. वसूल देणाऱ्याची भाषा व वंश एक असावा असा त्याचा आग्रह नव्हता. ओस गावातून वसूल येत नाही, हे प्रत्येक नव्या धन्याला ठाऊक होते. विसाव्या शतकातील राष्ट्रराज्याने जी मागणी केली, ती या सीमेच्या काळात कोणी केली नव्हती.

५. जुनी लोकवस्ती

या स्थैर्यामुळे दक्षिण तीरावर एक विशिष्ट समाजरचना टिकून राहिली, आणि तिची वाटणी भूमीच्या तीन प्रकारांशी जुळते. समुद्रकाठी कोळी, त्यांतील उत्तनकडील बहुसंख्य ख्रिस्ती. भरती-ओहोटीच्या ओघात खुंटांना बांधलेली डोल जाळी हे त्यांचे मुख्य साधन आणि बोंबील हे मुख्य उत्पन्न. मधल्या खाजणात आगरी. आगर म्हणजे मिठाचा वाफा. त्यावरूनच हे जातिनाम रूढ झाले असे मानले जाते. उधाणाचे पाणी बांधाच्या आत घेऊन ते एका वाफ्यातून दुसऱ्यात आटवीत न्यायचे आणि पावसाळ्यापूर्वी मीठ उचलायचे, हा त्यांचा उन्हाळी उद्योग, पावसाळ्यात भातशेती. पूर्वेकडील डोंगरात वारली व इतर आदिवासींचे पाडे. यांच्या जोडीला भंडारी आणि अन्य कारागीर जाती.

ख्रिस्ती रहिवाशांची आडनावे पोर्तुगीज आणि घरची बोली मराठी, हे सीमाप्रदेशाचे वैशिष्ट्य येथे स्पष्ट दिसते. गोव्याहून मुंबईत आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण सांगण्यासाठी मुंबई-साष्टी-वसईच्या मूळ ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले; १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्या नावाची संस्था स्थापन झाली. पोर्तुगिजांनी दिलेला धर्म, इंग्रज अमलात घेतलेले नाव आणि मूळची मराठी बोली असे तीन थर एकाच समाजात साचले आहेत. प्रत्येक सत्तेने आपली एक खूण ठेवली. माणसे मात्र त्याच गावठाणात राहिली.

एकोणिसाव्या शतकात दोन बदल झाले. १८६४ मध्ये गुजरातकडील लोहमार्ग वसईची खाडी ओलांडून मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत आला. भाईंदर व नायगाव यांच्यामध्ये पाणजू बेटाच्या आधाराने बांधलेल्या पुलांनी दोन तीर कायमचे जोडले. १८७० मध्ये भाईंदर, मिरे व घोडबंदर या तीन गावांतील जमिनी ९९९ वर्षांच्या पट्ट्याने देण्यात आल्या; बांध घालून समुद्राचे पाणी अडविणे हा त्यातील मुख्य हेतू होता. या पट्ट्यातून उद्भवलेले मालकीचे प्रश्न विसाव्या शतकातही न्यायालयांपुढे येत राहिले. तथापि लोकसंख्येचे स्वरूप या दोन्ही बदलांनी पालटले नाही. आगगाडीने मीठ व मासळी मुंबईस गेली; मुंबई अद्याप येथे आली नव्हती.

६. दहिसरची हद्द

मुंबई येथे आली ती एका साध्या प्रशासकीय रेषेमुळे. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा होऊन साष्टी दोन जिल्ह्यांत विभागली गेली. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द अंधेरी-भांडुपपर्यंत आणि १ फेब्रुवारी १९५७ रोजी दहिसर-मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. भाईंदर-मिरे ठाणे जिल्ह्यात, ग्रामपंचायतींच्या कारभारात राहिली. याच विभागणीने धारावीच्या बेटाचेही दोन तुकडे पडले : गोराई व मनोरी बृहन्मुंबईत गेली, तर उत्तन, पाली, चौक व डोंगरी बाहेर राहिली. एकाच बोलीची, एकाच धर्माची, एकाच जाळ्यावर पोट भरणारी गावे दोन स्थानिक सत्तांखाली आली.

या रेषेवर तट नव्हता, तोफा नव्हत्या. जकात नाका तेवढा होता. परंतु तिने जे केले ते चार सत्तांतरांना साधले नव्हते. रेषेच्या दक्षिणेस जागेची किंमत व घरटंचाई वाढत गेली; उत्तरेस जमीन स्वस्त होती, बांधकामावरील नियंत्रण सैल होते आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत विद्युतीकरण झालेली उपनगरी रेल्वे तयार होती. १९७० नंतर, विशेषतः १९८० च्या दशकात, खाजणावर भराव टाकून इमारती उठू लागल्या. १२ जून १९८५ रोजी काही ग्रामपंचायती मिळून नगरपरिषद झाली. पुढे उत्तन, डोंगरी, राई-मुर्धे ही पश्चिमेकडील गावे तीत आली. २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका स्थापन झाली.

जनगणनेचे आकडे या परिवर्तनाची गती सांगतात. १९९१ मध्ये नगराची लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती सुमारे ५ लाख २० हजार झाली, आणि २०११ मध्ये ८,०९,३७८. वीस वर्षांत साडेचार पटींहून अधिक वाढ. घनता दर चौरस किलोमीटरला दहा हजारांवर गेली. डोब्रिच प्रांतात त्याच वर्षी हे प्रमाण चाळीसच्या आसपास होते. ही वाढ नैसर्गिक नव्हे, स्थलांतराची आहे. मुंबईत जागा न परवडलेली मराठी कुटुंबे, गुजराती व राजस्थानी व्यापारी, उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले श्रमिक आणि दक्षिण भारतीय नोकरदार यांनी ही वस्ती भरली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर सुरक्षिततेच्या शोधात मुंबई सोडलेली अनेक मुस्लिम कुटुंबे मीरा रोड येथे स्थिरावली. मुंबईच्या अंतर्गत तणावाचा भार असा तिच्या सीमेने उचलला.

दरम्यान खाडीचे सीमारूपही सरले नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाला आणि वसई त्यात गेली. खाडी आता ठाणे व पालघर या दोन जिल्ह्यांची हद्द झाली. १ ऑक्टोबर २०२० पासून मिरा-भाईंदर व वसई-विरार यांच्यासाठी एकच पोलीस आयुक्तालय कार्यरत झाले. महसुलाच्या दृष्टीने जे दोन तीर वेगळे, ते पोलीस बंदोबस्ताच्या दृष्टीने एक. जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर संपली, तरी दहिसरची रेषा लोकव्यवहारात कायम आहे. ‘मुंबईत’ आणि ‘मुंबईबाहेर’ हा भेद तीच ठरविते.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली अशी की, सीमेची लष्करी तीव्रता आणि तिचा लोकवस्तीवरील परिणाम यांचे प्रमाण सम नसते. ज्या खाडीसाठी वेढे पडले व तह झाले, तिने गावांची माणसे बदलली नाहीत. ज्या रेषेसाठी एक अधिसूचना पुरेशी झाली, तिने दोन पिढ्यांत मूळ रहिवाशांस स्वतःच्या गावात अल्पसंख्य केले. दोब्रुजात तहाने माणसे हलविली; येथे जागेच्या भावाने हलविली. फरक इतकाच की, तहाने हलविलेल्यांची मोजदाद झाली.

दुसरी गोष्ट अभ्यासाच्या साधनांसंबंधीची आहे. गावे नगरात विलीन झाली म्हणजे जनगणनेत गावनिहाय नोंद उरत नाही. तिची जागा प्रभाग घेतो, आणि प्रभागाच्या सीमा गावठाणांशी जुळत नाहीत. शिलाहारांच्या ताम्रपटापासून पेशवे दप्तरापर्यंत ज्या एककाच्या आधारे या प्रदेशाचा इतिहास लिहिता येतो, ते एकक म्हणजे गाव. राई किंवा मुर्धे येथे आज किती आगरी कुटुंबे आहेत, उत्तनच्या किती होड्या समुद्रात जातात, कोणत्या मिठागराचे नाव कोणाच्या स्मरणात आहे, हे नगराच्या एकूण आकड्यातून कळणार नाही. त्यासाठी गावठाणांचे जुने नकाशे, चर्चमधील जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदवह्या, मिठागरांच्या महसुली नोंदी आणि वृद्धांच्या तोंडची स्थलनामे एकत्र करावी लागतील. चार सत्तांतरे पाहूनही जागा न सोडलेल्या वस्तीची ही नोंद तिचे जाणकार हयात आहेत तोवरच करता येण्यासारखी आहे. नंतर खाजणाप्रमाणे तीही भरावाखाली जाईल.